‘द लॉस्ट डॉटर’: पश्चात्ताप नेमका कशाचा?

‘द लॉस्ट डॉटर’ (२०२१) हा मॅगी जिलेनहालचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. तो एलेना फेरान्टेच्या २००६च्या इटालियन कादंबरीवर बेतलेला आहे. व्हेनिस महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. ‘आई झाल्याच्या पश्चात्तापाचा चित्रपट’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. ही ओळख कितपत खरी, ते येथे तपासायचे आहे. कारण द्विधा भावना, अपराधगंड आणि पश्चात्ताप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मातृत्वाचा विषय निघाला की त्यांची सरमिसळ होते.

मनोविश्लेषणाला यातली द्विधा नवी नाही. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आईला तान्ह्या मुलाचा द्वेष का वाटतो, याची १८ कारणे दिली होती. तो साध्यासुध्या आईबद्दल बोलत होता, विकृतीबद्दल नव्हे. पश्चात्ताप याच्या पलीकडचा. इस्रायली समाजशास्त्रज्ञ ओर्ना डोनाथ हिने २३ आयांच्या मुलाखतींवरचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध केला. आजची समज घेऊन मागे जाता आले तर पुन्हा आई व्हाल का, हा तिचा कळीचा प्रश्न होता. या बायकांना आई होणे नको होते. मात्र मुलांवरचे प्रेम त्यांनी नाकारले नाही. नको होते ते आईपण, मुले नव्हेत.

ही कसोटी लेडाला लावून पाहू. तौलनिक साहित्याची ही प्राध्यापिका (ऑलिव्हिया कोलमन) सुटीसाठी एका ग्रीक बेटावर येते. किनाऱ्यावर तिला नीना ही तरुण आई आणि तिची लहानगी मुलगी एलेना दिसते, आणि स्वतःचे जुने दिवस वर येऊ लागतात. त्या दिवसांतली लेडा जेसी बकलीने उभी केली आहे. दोन मुली, अर्धवट राहिलेले भाषांतराचे काम, कानांवर हेडफोन लावून मिळवलेली चार मिनिटे. बोट कापलेली बियांका त्यावर पापा मागते आणि आई तो देत नाही. पुढे लेडा मुलींना सोडून जाते, ती तीन वर्षे परतत नाही.

मुलींविना कसे वाटले, असे नीना विचारते तेव्हा लेडाचे उत्तर असते: फार छान. हे सांगताना तिचे डोळे भरून येतात. मग परत का आलीस? मुलींची आठवण येत होती म्हणून. मी फार स्वार्थी आहे, असे ती सांगते. माझ्या मते हा चित्रपटाचा कणा आहे. एरवी मुले सोडून जाणे हा स्वार्थ आणि परतणे हा त्याग मानला जातो. लेडा परतण्यालाच स्वार्थ म्हणते. आईच्या मायेला ‘निःस्वार्थ’ हे विशेषण जोडण्याची सवय असलेल्या आपल्या भाषेत तर हे वाक्य अधिकच बोचते. तिला माया आहे, पण त्या मायेचे श्रेय नको आहे.

एलेनाची बाहुली चोरण्यामागचे कारणही येथे सापडते. लेडा बाहुलीला पुसते, नवे कपडे आणते, कुशीत घेते. न रडणाऱ्या, काही न मागणाऱ्या मुलीची आई होणे तिला जमते. पण खरी मुलगी तिकडे बाहुलीसाठी रडून आजारी पडते आणि नीनाचा जीव मेटाकुटीस येतो. पुढे बाहुलीच्या तोंडातून अळी निघते, तेव्हा हा खेळही निर्मळ राहत नाही.

रूपांतरात एक गोष्ट मात्र निसटली आहे. कादंबरीतली लेडा नेपल्सची. किनाऱ्यावरचे गलबला करणारे कुटुंबही नेपल्सचे. ज्या घरातून ती पळाली, तेच जणू समोर येऊन बसते. चित्रपटात लेडा इंग्लंडची आणि ते कुटुंब न्यूयॉर्कच्या क्वीन्सचे झाले. त्यामुळे त्यांची दहशत उरते, नाते तुटते. लेडाच्या आईपणामागे तिच्या आईचे आईपण होते, हा धागा पडद्यावर फारच बारीक झाला आहे.

मग पश्चात्तापाचे काय? डोनाथचा प्रश्न लेडाला कोणी विचारत नाही आणि आपणहून ती त्याचे उत्तर देत नाही. मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हटले की पाप आले, क्षमायाचना आली. या शब्दाने प्रेक्षकाची सोय होते: ती चुकली, पस्तावली, विषय संपला. चित्रपट ही सोय देत नाही. बाहुली परत करताना लेडा माफीऐवजी एवढेच सांगते की मी खेळत होते. भडकलेली नीना तिच्याकडूनच मिळालेली टोपीची पिन तिच्या पोटात खुपसते. शेवटी पाण्याच्या काठावर, जखमी अवस्थेत, ती मुलींशी फोनवर बोलते आणि हातातले संत्रे सोलते. साल न तुटता निघावी, हा त्यांचा जुना खेळ.

तिच्या या अवस्थेला आपल्याकडचा नेमका शब्द ‘सल’ हा आहे. सल घेऊन माणूस प्रेमही करू शकतो. आईच्या बाबतीत एवढे मान्य करायला आपण तयार आहोत का, हा प्रश्न चित्रपट आपल्यावर सोपवतो.