शिकागोची पाच वर्तुळे

नगरभूगोलाच्या पुस्तकांत शिकागो शहराची पाच वर्तुळे हमखास भेटतात. समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी ती १९२५ साली मांडली. मधोमध व्यापारपेठ, तिच्याभोवती पडझडीला लागलेली वस्ती, मग कामगारांची घरे, मग सुखवस्तूंची, आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरे. शहर कसे पसरते हे शाळकरी मुलालाही कळावे, इतकी ही आकृती सुबोध आहे. तिचे ते श्रेय मान्यच केले पाहिजे.

परंतु त्याच आकृतीत वर्तुळे छेदीत जाणारी एक चिंचोळी पट्टी आहे. ती कृष्णवर्णीयांची वस्ती. माणसे ऐपत वाढेल तशी बाहेर सरकत असतील, तर ही पट्टी का सरकली नाही? वर्तुळांपाशी याचे उत्तर नाही. शिकागोत १९१९ साली वांशिक दंगलीत ३८ माणसे मेली होती. कृष्णवर्णीयांना घर न देण्याचे करार गोरे मालक करीत. न्यायालयांनी ते अमलात आणू नयेत, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तो १९४८ साली.

म्हणून या आकृतीला निसर्गनियम समजणे गैर होय. कोण कोठे राहतो, एवढे सांगून नगरभूगोलाचे काम संपत नाही. कोणाला कोठे राहू दिले नाही, हेही त्याने सांगितले पाहिजे.