ध्रुवप्रवासवर्णनांतील एक उणीव

गिरणाकांठच्या आमच्या भडगांवीं, वैशाखाच्या उन्हांत, ध्रुवप्रवासाचीं वर्णनें वाचण्यास विशेष गोडी येते. तथापि या वाङ्मयांतील एक उणीव आम्हांस नेहमीं खटकते. वीर एकाकी, सभोंवतीं हिम, आणि त्यास तेथें पोंचविणारा मात्र बहुधा अदृश्य!

शॅकल्टननें १९०७-०९ च्या मोहिमेंत आपला आश्रयदाता कारखानदार बिअर्डमोर याचें नांव एका हिमनदीस देऊन ऋण नकाशावरच नोंदविलें. १९८१ सालीं गोव्याहून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही 'पोलर सर्कल' या भाड्यानें घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजानेंच गेली. पुढें, १९८५ सालीं स्थापन झालेल्या 'ॲडव्हेंचर नेटवर्क इंटरनॅशनल' या खाजगी कंपनीनें पॅट्रियट हिल्सच्या उघड्या निळ्या बर्फावर चाकांचीं विमानें उतरवून तेथें छावणी मांडली. वाहन, इंधन, शिधा, सर्व कांहीं मोलानें मिळूं लागलें.

हें लपविल्यानें वीराची थोरवी वाढत नाहीं. वाचकाचा विश्वास मात्र उणा होतो. पुण्याच्या शीतल महाजन यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर छत्रीनिशीं उडी घेतली. वाहन भाड्यानें मिळतें. ती उडी विकत मिळत नाहीं. हा भेद जो लेखक उघड मांडील, त्याचेंच वर्णन आम्ही खरें मानूं.