एक दृष्टांत, दोन कसोट्या

पनवेलशेजारच्या पेण तालुक्यांत, गागोदे गांवीं १८९५ सालीं जन्मलेले विनोबा भावे विज्ञान आणि आत्मज्ञान यांची सांगड घालावी असें आयुष्यभर सांगत राहिले. १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेस म्हणून निघून मध्येंच गाडी सोडून काशीस गेलेल्या या पुरुषाचा आधार आतां पदवीच्या अभ्यासक्रमास घेतला जावा, हा दैवाचा विनोदच! तें असो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें भारतीय ज्ञानपरंपरेस महाविद्यालयांत जागा दिली, ती योग्यच आहे. प्रश्न आहे तो शिकविण्याच्या रीतीचा.

या विषयावरील व्याख्यानांतून एक विधान हमखास ऐकूं येतें : कोपर्निकसच्या अडीचशें वर्षें आधीं ज्ञानेश्वरांनीं सूर्याचें स्थिरत्व सांगितलें. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायांत, न चालतां चाललेल्या सूर्याचा दृष्टांत आहे खरा. पण प्रसंग कोणता? कर्मांत अकर्म पाहणाऱ्या पुरुषाचा. तेथेंच, नावेंत बसलेल्यास तीरावरचे वृक्ष धांवतांना दिसतात, हाही दाखला आहे. आणि तोच आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें वापरला होता, तो मात्र तारे स्थिर असूनही पश्चिमेकडे जातांना कां दिसतात, हें सांगण्यासाठीं.

येथें अध्यापकाच्या हातीं आयतें साधन येतें. वराहमिहिराचा आक्षेप असा कीं, पृथ्वी फिरत असती, तर घरट्यांतून उडालेले पक्षी पुन्हा घरट्यांत कसे परतले असते? पनवेल स्थानकावर शेजारची गाडी सुटली असतां आपलीच हलल्याचा भास विद्यार्थ्यास ठाऊक असतो. पण तेवढ्यानें या आक्षेपाचें निरसन होत नाहीं. धांवत्या गाडींत वर फेकलेला चेंडू पुन्हा हातांतच कां पडतो, येथपर्यंत, म्हणजे गॅलिलिओच्या विचारापर्यंत, यावें लागतें.

ज्ञानेश्वरांच्या बोलण्यास ही कसोटी लावणें व्यर्थ. कर्तेपणाचा अहंकार गळला कीं नाहीं, हें दुर्बिणीनें कळावयाचें नाहीं. ज्याचें त्यानें आपल्या वागण्यांत पाहावें. त्यांस कोपर्निकसचे पूर्वसूरी ठरविणाऱ्या व्याख्यात्यास उद्यां एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, 'मग ग्रहगतीचें गणित कोठें आहे?' उत्तर मिळालें नाहीं, म्हणजे तो ज्ञानेश्वरीच मिटून ठेवील. आम्हांस भय वाटतें तें या मिटलेल्या ग्रंथाचें. आर्यभट आणि ज्ञानेश्वर एकाच तासाला, तो नावेचा दाखला घेऊन खुशाल शिकवावे. आणि कोणत्या विधानास कोणता पुरावा मागावयाचा, हें प्रश्नपत्रिकेंत विचारावें.