‘अर्थ’, ‘ग्राउंड’ आणि ‘भूसंपर्क’ : दोलनदर्शकाच्या जोडणीतील एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञेची खरी परीक्षा कोशात होत नाही, ती वापरात होते. विद्युत्-मापनाच्या प्रयोगशाळेत या परीक्षेला जे रूप येते ते भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहे. कारण संदिग्ध शब्दाचे प्रायश्चित्त तेथे तत्काळ घ्यावे लागते. काव्यात अनेकार्थता हा गुण मानला जाईल. ऑसिलोस्कोप अर्थात दोलनदर्शक जोडताना मात्र तीच अनेकार्थता उपकरण जाळते आणि प्रसंगी प्राणावर बेतते.

दोलनदर्शक वापरण्याची प्राथमिक सूचना साधारणतः अशी दिली जाते : ‘प्रोबचे टोक मोजावयाच्या बिंदूला लावावे व क्लिप ग्राउंडला जोडावी.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यातील ‘ग्राउंड’ हा शब्द मात्र निदान तीन भिन्न वस्तूंना लागू पडतो. पहिली वस्तू म्हणजे प्रत्यक्ष भूमी, अर्थात इमारतीच्या आवारात पुरलेला धातूचा इलेक्ट्रोड व त्याच्याशी जोडलेली संरक्षक तार. दुसरी, उपकरणाची धातूची चौकट. तिसरी, मंडलातील तो बिंदू, की ज्याचे विभव शून्य मानून इतर विभव मोजले जातात. पहिल्या दोन वस्तू भौतिक आहेत. तिसरी हा केवळ संकेत आहे. विद्युत्-आकृत्यांत या तिहींना वेगवेगळी चिन्हे आहेत. चिन्हलिपीने जो भेद जपला तो बोलीतल्या एका शब्दाने पुसला, असा हा प्रकार आहे.

या पुसण्याचे परिणाम काय होतात ते पाहावे. मुख्य वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या नेहमीच्या दोलनदर्शकात प्रोबची क्लिप, जोडणीचे बाह्य कवच, उपकरणाची चौकट आणि तीन पिनांच्या प्लगातील अर्थची पिन ही सर्व एकमेकांशी सलग जोडलेली असतात. म्हणजे क्लिप ही आधीपासूनच भूमीशी बांधलेली तार आहे. आता एखाद्या विद्यार्थ्याने रोहित्रावाचून थेट २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारे सेतू-एकदिशकारक मंडल पुढे घेतले, असे समजावे. त्यातील ऋण वाहिनीला मंडलाच्या आकृतीत ‘ग्राउंड’ म्हटलेले असते; परंतु भूमीच्या तुलनेत तिचे विभव सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत ऋण होत असते. विद्यार्थी सूचना शब्दशः पाळून क्लिप तेथे लावतो. फेज-तार ऋण होताच भूमीकडून क्लिपेतून, ऋण वाहिनीतून व एका डायोडातून फेजकडे मोकळी वाट मिळते आणि लघुमंडल घडते. वितरण-रोहित्राचा न्यूट्रल भूमीला जोडलेला असल्याने हे चक्र पुरे होते. डायोड फुटतो, क्लिप वितळते. विद्यार्थ्याने आज्ञाभंग केलेला नाही. आज्ञेतील एका शब्दाने दोन ठिकाणे दाखविली होती.

दुसरी चूक याच मुळातून निघते. दोलनदर्शकाच्या दोन्ही मार्गांच्या क्लिपा आतून एकच असतात. त्या मंडलातील दोन भिन्न बिंदूंना लावल्या तर त्या दोहोंमधील भाग तारेने जोडल्याप्रमाणे निकामी होतो. ‘प्रत्येक प्रोबचा ग्राउंड’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती येथे फसवते; प्रत्येकाचा म्हणून वेगळा असा ग्राउंड तेथे नाही.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘ग्राउंडला जोडणे’ या प्रयोगात ग्राउंड हे एक स्थान ठरते, वस्तुतः तो एक मार्ग असतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या क्लिपेच्या तारेचे प्रवर्तकत्व सुमारे १५० नॅनोहेन्री होते. प्रोबच्या टोकाच्या १२ पिकोफॅरड धारितेशी मिळून ते १०० मेगाहर्ट्झच्या किंचित वर अनुनाद पावते. मग वेगवान स्पंदाच्या कडेला जी थरथर पडद्यावर दिसते ती मंडलातील नसून मापनाच्या तारेतील असते. तार आखूड करताच ती ओसरते. स्थानवाचक शब्दाने शिकलेल्या विद्यार्थ्याला तारेच्या लांबीचा विचार सुचत नाही.

मराठीने या अडचणीवर काय उपाय केला? महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, तेव्हापासून परिभाषेच्या कार्याला शासकीय अधिष्ठान मिळाले, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ‘भूसंपर्क’, ‘भूसंपर्कन’ अशा रूपांचा विचार करता असे दिसते की, ती इंग्रजीतील रूपक संस्कृतात उतरवितात आणि रूपकाबरोबर त्याची संदिग्धताही उतरते. मंडलातील संदर्भबिंदूला ‘भू’ म्हणणे हे मूळ इंग्रजीपेक्षाही अधिक दिशाभूल करणारे आहे. इंग्रजीत तो शब्द निदान झिजलेला आहे, मराठीत ‘भू’ अजून जमिनीचाच वास देतो.

नामकरणाच्या सामर्थ्याविषयी बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव एक बोलका दाखला आहे. १७२४ साली येथील रणभूमीवर निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखान मारला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतह या शब्दाने आरंभ होणारे नाव देण्यात आले. ते नाव इतिहासात नोंदले गेले. लोकांच्या तोंडी साखरच राहिली. वीज खेड्यापाड्यांत आली तेव्हा तिच्या शब्दांचेही असेच झाले. उन्हाळ्यात माती कोरडी पडून रोध वाढू नये म्हणून मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात पाणी ओततात. या कृतीला कोणी भूसंपर्कनाचे सिंचन म्हणत नाही, ‘अर्थिंगला पाणी घालणे’ असेच म्हणतात. ‘अर्थ’ या मूळ शब्दाची मराठीतील अर्थ म्हणजे आशय किंवा धन याच्याशी गल्लत होऊ शकते. ‘अर्थिंग’ या रूपाने ती टळते. शिवाय हा शब्द पुरलेल्या इलेक्ट्रोडाखेरीज दुसऱ्या कशालाही लागत नाही. परिभाषेला हवी असलेली एकार्थता येथे विनासायास सिद्ध आहे.

याचा अर्थ लोकभाषा सर्वत्र प्रमाण मानावी असा नव्हे. हात लावल्यास बहुधा झटका न देणारी तार, एवढ्या साधर्म्यावर ‘अर्थ’ आणि ‘न्यूट्रल’ यांची लोकव्यवहारात सर्रास सरमिसळ होते, आणि तीही घातक आहे. ‘अर्थ दिला म्हणजे धोका टळला’ ही शेतपंपावर रास्त ठरणारी समजूत घेऊन जो विद्यार्थी साखरखेर्ड्यासारख्या गावातून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत येतो, त्याला अर्थ लावणे हीच कृती धोक्याची ठरू शकते हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. लोकभाषा शब्द पुरवील. भेद शास्त्रानेच आखावयाचा आहे.

तेव्हा ‘अर्थिंग’ हा शब्द संरक्षक भूमीपुरता राखावा, उपकरणाच्या धातूला ‘चौकट’ म्हणावे, आणि मंडलातील मानीव शून्याला ‘संदर्भबिंदू’ म्हणावे. प्रोबच्या क्लिपेला ‘अर्थ-क्लिप’ म्हटल्यास तिचे खरे नाते नावातच उघड होते. मग सूचनेचे वाक्य असे होईल : ‘संदर्भबिंदू अर्थिंगच्या विभवाला आहे अशी मापकाने खात्री केल्यावरच अर्थ-क्लिप तेथे लावावी, तसा नसल्यास क्लिप कोठेही न लावता दोन प्रोबांनी दोन विभव घेऊन त्यांची वजाबाकी पाहावी किंवा विभेदी प्रोब वापरावा. दोलनदर्शकाची अर्थची पिन कदापि काढू नये.’ शेवटचे वाक्य अनिवार्य आहे. कारण पिन काढल्याने लघुमंडल टळते खरे, पण क्लिपेचे विभव चौकटीवर येऊन उपकरणाला स्पर्श करणाराच भूमीकडे जाणारी वाट बनतो.

ही सूचना जुन्या सूचनेच्या तिपटीहून अधिक लांब आहे, असा आक्षेप येईल. जुन्या वाक्यातील बचत विद्यार्थ्याच्या जोखमीवर केलेली होती, एवढेच त्यास उत्तर आहे.