रेचेलची मुलं

पेणकर आणि रोहेकर ही आडनावं आज इस्राएलमध्येही सापडतात. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ‘शनिवार तेली’, गावाच्या नावाला ‘कर’ लावून तिकडे गेले. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. मी त्याच गावात शाळेत गेलो, पण या मुलांबद्दल कुठल्याही धड्यात वाचल्याचं आठवत नाही. त्यामुळे एस्थर डेव्हिडची ‘बुक ऑफ रेचेल’ (२००६) मी जरा हावरटासारखी वाचली. या इंग्रजी कादंबरीला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे.

रेचेल कोकण किनाऱ्यावरच्या दांड्यात एकटी राहते. मुलं इस्राएलला गेली, शेजारीही गेले. सिनेगॉगची देखभाल आता तिच्याकडे आहे आणि त्या जागेवर बिल्डरची नजर आहे. (रायगडमधल्या कुणाला यात नवल वाटणार नाही.) कादंबरीचा जीव स्वयंपाकात आहे. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून इथे नारळाचं दूध येतं. धर्माचा नियम कोकणाच्या झाडावर कसा निभावला, हे एका कालवणातून कळतं. हे डेव्हिडना फार छान जमलं आहे.

माझी तक्रार मुलांबद्दल आहे. कादंबरी त्यांच्याकडे आईच्या अंगणातून पाहते, त्यामुळे मुलं म्हणजे ‘गेलेली माणसं’ एवढंच उरतं. तिकडे त्यांचं, नातवंडांचं बालपण कसं गेलं? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्णभेदाच्या तक्रारी घेऊन बेने इस्राएल तेल अवीवमध्ये धरण्याला बसले आणि काही जण भारतात परतलेही. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बीनेटने त्यांच्या लग्नाआधी आई, आजी, पणजीचं ज्यूपण तपासायला सांगितलं. १९६४मध्ये तो तिढा सुटला. पण तोवर घराघरात काय बोललं गेलं असेल, आणि ते ऐकणारं दहा वर्षांचं पोर काय समजलं असेल?

आणखी एक गोष्ट या अंगणातून दिसत नाही. बेने इस्राएलांची मोठी वस्ती लोद शहरात झाली. जुलै १९४८मध्ये याच लोदमधून, म्हणजे लिद्दामधून, बहुतेक पॅलेस्टिनी रहिवाशांना हाकलण्यात आलं. त्यांच्यातही मुलं होती. वसाहतीने उभ्या राहिलेल्या देशातलं बालपण लिहायचं तर दोन्ही मुलं एकाच गल्लीत आणावी लागतात. इथे वर्गात काळा म्हणून चिडवलं जाणारं पोर तिथे दुसऱ्याच्या गावात राहत असतं. रेचेलच्या दुःखाला मी हलकं लेखत नाही, पण ते एवढं गोड शिजवलं आहे की हा प्रश्न विचारायची वाचकाला आठवणच होत नाही.

माझ्या क्षेत्रातले मित्र हे वाचून लगेच न्यू जर्सीतल्या, मराठी विसरणाऱ्या आपल्या मुलांची आठवण काढतात. मला ती तुलना पटत नाही. एच-वन-बीवर गेलेल्याला कुणी पणजीचा धर्म विचारत नाही.

लोदमधून मराठीत ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक निघत आलं आहे. पेणहून गेलेली, तिसरीत हिब्रू मुळाक्षरं गिरवायला बसलेली एखादी मुलगी आज साठी-सत्तरीत असेल. तिने त्यात मराठीतून लिहिलेलं वाचायला मिळालं तर कादंबरी बाजूला ठेवून मी आधी ते वाचेन.