सही जुळत नाही

बँकेत चेक आला की त्यावरची सही नमुना सहीशी ताडून पाहायची, हे काम मी गेली वीस वर्षं इमानेइतबारे करत आलो आहे. बी.कॉम.चा एवढाच काय तो उपयोग! त्यामुळे चरित्रपटाला गेलो तरी खोड जात नाही. पडद्यावर टिळक आले की पगडी पाहतो, मिशा पाहतो, उपरणं पाहतो. सगळं जुळतं, आणि तरी चेक पास करायला हात धजत नाही. आता सुबोध भावे यांचंच घ्या. २०११ साली ते बालगंधर्व झाले, २०१५ साली लोकमान्य, २०१८ साली काशिनाथ घाणेकर. कामं तिन्ही झकास, वादच नाही. पण एकाच हाताच्या सह्या तीन खात्यांवर दिसल्या तर आमच्याकडे साहेब चौकशी लावतात.

बरं, नमुनाच बदलला तर? तुकोबांचा फोटो कुणाकडेच नाही. पण प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस असे काही तुकाराम झाले, की लोकांच्या मनात तुकोबांचा चेहरा म्हणून तोच बसला. २०१२ साली जितेंद्र जोशी तुकाराम झाले, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू इंटरव्हलमध्ये कुरकुरल्या, "हा काही तुकोबांसारखा दिसत नाही बाई!" काकूंनी तुकोबा कधी पाहिले, हे विचारायची आमची काय बिशाद! पागनिसांची सही कार्डावर चढली होती, झालं.

म्हणूनच मी या चित्रपटांकडे नुसती करमणूक म्हणून पाहू शकत नाही. पोरांना जाडजूड चरित्रं वाचायला सवड नाही. पडद्यावर दिसेल तेच उद्याचं रेकॉर्ड.

त्यातल्या त्यात मी बेधडक पास केला तो परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). यातले दादासाहेब फाळके थोर पुरुषासारखे संथ चालत नाहीत, भांडवलासाठी धावतात. घरातलं सामान विकायला निघतं. मटाराचं रोप कसं वाढतं त्याची फिल्म दाखवून पैसेवाल्याचं मन वळवायचं! असलं तारण आमच्या मॅनेजरपुढे ठेवायची कुणाची छाती आहे? तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलातला साळुंके उभा राहतो. बाप जिवंत असताना मिशा कशा उतरवायच्या, हा नटांचा पेच तर ऐकण्यासारखा. नंदू माधव हे सगळं इतक्या हसतमुखाने करतात, की हा माणूस इतिहास घडवतोय हे आपण विसरतो. फाळक्यांनाही त्या वेळी ते कुठे ठाऊक होतं?

पण मोकाशींनी एक लबाडी केलीच. लंडनला १९१४ साली वाहवा झाली आणि खात्यात भरघोस जमा दिसली, तिथेच वही मिटली. पुढे कंपनीत भागीदारांशी बेबनाव झाला, फाळक्यांनी राजीनामा दिला, बोलपट आल्यावर ते मागे पडले. १९३७ साली 'गंगावतरण' केला आणि १९४४ साली नाशिकला हलाखीत गेले. ती पानं चित्रपटात नाहीत.

"बरंच झालं," आमची ही म्हणाली, "पैसे मोजून रडायचं कशाला?"

थेटरातून बाहेर पडताना मलाही ते पटलं होतं. पण सरकारने १९६९ साली फाळक्यांच्या नावाने सिनेमातला सर्वांत मोठा पुरस्कार सुरू केला, त्याबरोबर रोख रक्कमही देतात. त्याची बातमी वाचली की मला त्या न दाखवलेल्या पानांवरची शिल्लक आठवते.