वेताळाचे एदेन आणि आमची खाडी

महानायकांच्या चित्रकथांना पोरखेळ म्हणून बाजूस सारण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. आम्हांस ती मान्य नाही. जी पुस्तके मुले पुनःपुन्हा वाचतात, ती त्यांच्या मनात जगाचे काही एक चित्र घडवीतच असतात. आणि अरण्य, पाणी व प्राणी यांच्या रक्षणाचा विषय या चित्रकथांनी वारंवार हाताळला आहे. तेव्हा हे महानायक निसर्गाचे रक्षण कसे करतात, आणि त्या रक्षणात सामान्य माणसाला कोणते स्थान उरते, हे तपासणे समीक्षेचे कामच आहे. खाडीकाठी भराव घालून आणि टेकड्या फोडून उभ्या राहिलेल्या नवी मुंबईसारख्या शहरात तर हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

मराठी वाचकाला या कुळातील सर्वांत परिचित पुरुष म्हणजे वेताळ. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा ‘फँटम’ टाइम्स समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून भारतीय घरांत पोहोचला. ही मालिका १९६४ साली सुरू झाली व १९९० साली थांबली. तिचे अंक मराठीतही निघत, आणि त्या वाचनावर वाढलेली पिढी आज आजोबा-आजी झाली आहे. वेताळ अरण्यात राहतो, अरण्यवासी जमातींमध्ये शांतता राखतो. त्याच्या ताब्यात एदेन नावाचे एक बेट आहे. तेथे वाघ, सिंह आणि हरणे एकत्र नांदतात. हिंस्र प्राण्यांना लहानपणापासून तेथे वाढविलेले असल्यामुळे त्यांना शिकारीची सवयच लागलेली नाही. ते माशांवर जगतात.

हे चित्र पाहताच यशया संदेष्ट्याने रंगविलेल्या शांतिराज्याची आठवण ख्रिस्ती वाचकाला होणारच. कल्पना रम्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ज्या काळात शिकार हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाई, त्या काळातील मुलांना वाघाकडे निर्वैर दृष्टीने पाहावयास या बेटाने शिकविले. तरीही दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, या शांतीची किंमत माशांनी मोजली आहे, आणि त्यांच्याविषयी कथेत चकार शब्द नाही. दिवाळे किंवा सारसोळे येथील कोळी वाचकाच्या हे तत्काळ ध्यानी येईल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उत्पत्तीच्या पुस्तकातील एदेन बाग एका साध्या माणसाच्या हाती मशागतीसाठी व राखणीसाठी दिलेली होती. वेताळाच्या एदेनात असा माळी नाही. बेट सुंदर राहते ते माणसांना दूर ठेवल्यामुळे आणि एका मुखवटाधारी पुरुषाच्या दराऱ्यामुळे. वाचक ते बेट पाहून हरखतो; पण ते राखण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही.

१९९० साली अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या ‘कॅप्टन प्लॅनेट’ने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. पुढे त्याची चित्रकथाही निघाली. पृथ्वी, अग्नी, वायू, जल आणि हृदय यांच्या अंगठ्या धारण करणारी पाच खंडांतील पाच मुले एकत्र येतात, तेव्हाच हा नायक प्रकटतो. आणि खरी शक्ती तुमच्याच हाती आहे, असे बजावून तो निघून जातो. हेतू स्तुत्य आहे. परंतु कथेची घडण हेतूच्या विरुद्ध जाते. येथील प्रदूषण करणारे खलपुरुष नावापासूनच किळसवाणे आहेत. घाण करण्यातच त्यांना आनंद वाटतो. असा खलपुरुष हरला की, वाचकाच्या मनावरचा भार उतरतो.

आमच्या परिसरात असा खलपुरुष शोधून सापडत नाही. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. ९५ गावांच्या जमिनीवर शहर वसविण्याची ती योजना होती. भात पिकविणारी शेते व मिठागरे गेली, त्यांच्या जागी घरे आली. त्या घरांत आम्ही राहतो. उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या विमानात आपलीच मुले नोकरीसाठी चढणार. यांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर राक्षसी हास्य नाही. निसर्गाची हानी जेव्हा सज्जनांच्या रास्त गरजांतून घडते, तेव्हा ठोसा कोणावर उगारायचा? या प्रश्नापाशी बहुतेक चित्रकथा मुक्या होतात.

एक चित्रकथा मात्र मुकी राहिली नाही. लेन वीन व बर्नी राइटसन यांनी १९७१ साली निर्माण केलेला ‘स्वॉम्प थिंग’ हा दलदलीतील विचित्र जीव १९८४ साली ॲलन मूर या इंग्रज लेखकाच्या हाती आला. मूर यांनी त्याची ओळखच पालटली: तो वनस्पती झालेला माणूस नसून, स्वतःला माणूस समजणारी वनस्पती आहे. त्याच मालिकेत वुडरू नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मनुष्यजातीचा सूड घेण्यासाठी झाडांकरवी प्राणवायू वाढवून माणसे नष्ट करू पाहतो. आकाशातील उपग्रहात बसलेल्या बलाढ्य महानायकांना यावर उपाय सुचत नाही. दलदलीतला जीव वुडरूला केवळ एक प्रश्न विचारतो: माणसे व प्राणी मेल्यावर झाडांना लागणारा वायू कोण देणार? वुडरूचा डाव तेथेच मोडतो. निसर्ग आणि माणूस यांच्यापैकी एकाला निवडायचे नसून, दोघांचा श्वास परस्परांत गुंतला आहे, हे सत्य येथे उपदेशाविना कथानकातूनच सिद्ध होते. या प्रकारातील सर्वश्रेष्ठ कृती म्हणून आम्ही तिचीच निवड करू.

कोणी म्हणेल, अद्भुतरसाच्या वाङ्मयाकडून नागरिकशास्त्राची अपेक्षा करणे रसहानीचे आहे. परंतु आमची अपेक्षा नागरिकशास्त्राची नाही, सत्याची आहे. आमच्या खाडीची कथा पाहा. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीची तोड थांबविण्याचा आदेश दिला. तिच्या भोवतालच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात बांधकामास मनाई केली. २०१८ साली त्याच न्यायालयाने त्यावर अंतिम निर्णय दिला. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले, २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. यात कोणी उडाले नाही, कोणी मुखवटा घातला नाही. अर्ज, नकाशे, तारखा, आणि चिखलात उतरून कापलेल्या झाडांची छायाचित्रे काढणारे चिवट रहिवासी, एवढाच काय तो ऐवज. आदेशानंतरही भरावाच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. म्हणजे राखण रोजचीच आहे.

हा ऐवज नाट्यशून्य आहे, असे आम्हांस वाटत नाही. भरतीचे पाणी अडविणारा एक बांध, त्यामागे सुकत जाणारे तळे, पोटापाण्यासाठी तेथे जाळे टाकणारा कोळी, आणि त्याच जागी घराची नोंदणी केलेला, हप्ते भरणारा गृहस्थ: या दोघांना समोरासमोर आणणारी मराठी चित्रकथा कोणी लिहील व चितारील, तर तिला खलपुरुषाची गरज भासणार नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील, आणि पान उलटताना मुलाला प्रश्न पडेल की यांत माझे वडील कोणत्या बाजूचे? तोवर घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हातून वेताळ काढून घेऊ नये. त्याच्या शेजारी बसून, ते बेट कोण झाडते आणि तेथे मासे कोण आणून टाकतो, एवढे मात्र अवश्य विचारावे.